शिंपल्याचा श्वास

दिघोरीच्या आठवडी बाजारात एक म्हातारी चुना विकायला बसते. नाव कुणालाच ठाऊक नाही, सगळ्यांची ती आजी. गावच्या तलावातले शिंपले वेचून ती घरामागच्या भट्टीत भाजते. पण बाजारात येऊन ती लगेच विकायला लागत नाही. आधी भाजलेला एक शिंपला मातीच्या परळात ठेवून त्यावर पाणी शिंपडते. तो वाफाळून फुलला तरच विक्री, नाहीतर टोपली उचलून सरळ घरी.

त्या दिवशी शिंपला गप्प पडून राहिला. तळहातावर तंबाखू घेऊन उभी असलेली गिऱ्हाइकं खट्टू झाली. आजी मात्र गालाला हात लावून मजेत बघत होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते, मला राहवलं नाही. "आजी, भाजताना शिंपल्यातून वायू बाहेर पडतो. आपण श्वास सोडतो ना, त्यातलाच. तो पुरता गेला नसेल."

आजी खुदकन हसली. "म्हंजे माह्या भट्टीत हा श्वास सोडते? मंग घाई कायले करून राहिले, मॅडम? एवढा मोठा श्वास सोडला, त जरा दम खाऊ द्या त्याले. मंगच पानी पेते तो."

तेवढ्यात परळातून वाफ उसळली. शिंपला तडकला, फुलला आणि त्याचं पांढरं पीठ झालं. आजीने टाळी वाजवली, गिऱ्हाइकांनी हात पुढे केले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर शिंपला भाजण्याचं रासायनिक समीकरण लिहीत होते. बाणापाशी आले आणि नकळत एक लांब श्वास सोडला.

मागे सगळ्या वर्गानेही सोडला.