लंबी रोटीवाली मावशी

रोटीवाल्या मावशीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता. चुलीच्या झळांनी सगळे जळून गेले होते आणि कातडी तांबूस, तुकतुकीत झाली होती. कोणी नवीन बाई तिच्याशी बोलायला लागली की तिची नजर आधी त्या हातांकडे जायची. मावशी ते पदराखाली घेत नसे. उलट पुढे करून म्हणायची, "पाह्य, चांगली पाह्य. ही माह्या दुकानाची पाटी हाय."

मी लग्न होऊन अड्याळला आले त्याच सुमारास मावशी आमच्या शेजारी राहायला आली. तिचं गाव वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते जाणार हे पक्कं झालं तेव्हा बरेच गावकरी मिळालेल्या नव्या जागेवर गेले. मावशीच्या नवऱ्याने, आम्ही त्यांना मौसाजी म्हणायचो, भाऊबंद जवळ असावेत म्हणून अड्याळला दोन खोल्या बांधल्या. घर झालं, शेत मात्र राहिलं नाही. मौसाजी सकाळी आंघोळ करून टोपी घालायचे आणि ओसरीवर बसायचे. टोपी घालून जायला कुठे नव्हतं. मावशी रोवणीला, निंदणीला मजुरीने जाऊ लागली. कालपर्यंत स्वतःच्या बांधीत धान रोवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या बांधीत वाकणं जड गेलं असणार, पण तसं ती कधी बोलली नाही.

आमच्याकडे लग्न असो की बारसं, मटणाचा बेत असला की लंबी रोटी लागते. गव्हाची कणीक मीठ घालून, पाणी लावून लावून इतकी सैल करायची की ती हातावरून ओघळायला बघते. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. हे काम पुस्तकातून येत नाही आणि प्रत्येकीला जमतही नाही. मावशी जुन्या गावात लग्नाघरी या रोट्या करायची, पण शेजारधर्म म्हणून. त्याचं पोटापाण्याचं काम होईल हे तिच्या डोक्यात नव्हतं.

ते डोक्यात आलं आमच्या गल्लीतल्या एका साखरपुड्याला. ठरवलेल्या बाया आल्याच नाहीत. मटण शिजलेलं, पाहुणे बसलेले. मावशी पंगतीत जेवायला आली होती, ती उठून चुलीपाशी गेली. पंगती उठल्यावर ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, ही बाई कोण.

आठवडाभराने तिने मौसाजींना सांगितलं, "रविवारी घरोघरी कोंबडं नाही तं बकरं शिजते. रोटी करणारी कोणीच नाही. मंग मी करतो अन् इकतो."

मौसाजी म्हणाले, "लोकं काय म्हणतीन? बायकोच्या रोट्या इकून पोट भरते म्हणतीन."

"आता काय म्हणून राहिले, ते तं ऐका आधी," मावशी म्हणाली आणि घरामागे माती कालवायला गेली. चूल तिने स्वतः घातली.

पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. माणसं कुंपणावरून बघायची आणि पुढे जायची. दुपारी मावशीने चूल विझवली नाही. रोट्या केल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एक-एक पाठवली. मावशीचं घर बौद्ध. गल्लीतल्या काही घरांनी रोटी घेतली आणि गाईपुढे टाकली. हे सगळ्यांना कळलं, तिलाही कळलं. पुढच्या रविवारी तिने त्या घरांतही पुन्हा रोटी पाठवली. मी विचारलं, "मावशी, काहून?" तर म्हणाली, "गाय तं खुश झाली न. आज ना उद्या माणसं बी होतीन." त्या दिवशी डबे घेऊन माणसं आली. माझ्या सासूबाई त्यांत होत्या, आणि आदल्या रविवारी रोटी गाईला घालणाऱ्या एका घरची सून पण.

पुढे तिने घरामागे टिनाचं शेड टाकलं. तिथला एक नियम होता. रोटी हातावर असताना मावशी बोलत नसे. कोणी ऑर्डर घेऊन आलं तरी त्याने पाण्याच्या ड्रमापाशी उभं राहायचं. रोटी मडक्यावर पडली की मगच ती वळून म्हणायची, "हं, बोला." एकदा कोणी पुढारी आला होता, त्यालाही तिने तसाच उभा ठेवला. तो गेल्यावर म्हणाली, "त्यायले सवय हाय उभं राहाची. निवडणुकीले राहतेतच."

धंदा कसाबसा उभा राहत होता, तेव्हाच तो बुडायची वेळ आली. जवळच्या एका गावातलं मोठं कास्तकार घर. तिथला मुलगा येऊन बहिणीच्या लग्नाची ऑर्डर देऊन गेला. एवढं मोठं काम पहिलंच. मावशीने गहू घेतला, दळून आणला, कुंभाराकडून नवी मडकी आणली. लग्न तोंडावर आलं आणि मुलाचे काका आले. ओसरीवर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. रोट्या गोठ्यामागे करायच्या. आणि कोणी विचारलं तर बाया नागपूरहून बोलावल्या असं सांगू.

मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. मावशी म्हणाली, "गोठ्यामांगं करन. धूर तिकडंच बरा. पण इचारलं तं माहं नाव सांगाचं."

"नावाचं काय करता बाई? कामाशी काम ठेवा."

"नाव सांगाले शरम वाटते, तं रोटी खाले काहून नाही वाटत?"

काका गेले आणि ऑर्डरही गेली. एवढ्या पिठाच्या पोत्यांना उन्हाळ्यात अळ्या लागायला वेळ लागला नसता. मावशी त्या दिवशी जेवली नाही. शेडमध्ये पोत्यांकडे तोंड करून बसून राहिली. मला वाटलं, ही आता पुन्हा मजुरीला जाणार.

बाजाराच्या दिवशी सकाळी मौसाजी ओसरीवर दिसले नाहीत. ते कुठूनतरी हातगाडी घेऊन आले. तिच्यावर मडकी चढवली, विटा चढवल्या, लाकडं बांधली. मावशीला म्हणाले, "उठ. बाजारात चाल."

"भर बाजारात? लोकं काय म्हणतीन?" मावशीने त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"मी जाळ लावतो. तू रोटी कर," मौसाजी म्हणाले.

अड्याळच्या बाजारात भाजीच्या रांगेपलीकडे त्यांनी तीन विटांची चूल मांडली. आमच्या बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं येतात. त्यांनी ती रोटी हातावर झुलताना पाहिली आणि भोवती गर्दी झाली. मौसाजी जाळाशी वाकून बसले होते. त्यांची टोपी धुराने काळी झाली होती. कोणी विचारलं, बाई कोण, की मावशीच्या आधी तेच तिचं पूर्ण नाव सांगायचे, जुन्या गावासकट. त्या हंगामात मावशीला पार दिघोरीपर्यंत लग्नांची बोलावणी आली.

ऑर्डर देऊन गेलेल्या त्या मुलाने पुढे स्वतःच्या लग्नात तिला बोलावलं. या वेळी चूल अंगणात होती, मांडवाला लागून. काका मांडवात होते. ते जेवले की नाही हे मला माहीत नाही, आणि मावशीने विचारलं नाही.

काम वाढल्यावर तिने गल्लीतली वनिता हाताशी घेतली. वनिताचा नवरा वारला होता, पदरी दोन मुली होत्या. मावशीने तिला कणकेपासून सगळं शिकवलं. हात बसला तसं वनिताने बसस्टँडजवळ स्वतःचं शेड टाकलं. आम्हा बायांना राग आला. खाल्ल्या घरचे वासे मोजले, असं मी मावशीच्या तोंडावर बोलले.

मावशी म्हणाली, "एकच चूल असन तं लोकं म्हणतेत, गर्दी हाय, घरीच पोळी खाऊ. दोन चुली असल्या म्हणजे गावाले रोटीची सवय लागते." आणि आवरेनाशी ऑर्डर आली की ती सरळ वनिताकडे पाठवायची. आता अड्याळमध्ये अशा चुली किती झाल्या ते मोजलं नाही, पण रविवारी कुठल्याही गल्लीत गेलं तरी धूर दिसतो.

धुराने मावशीचे डोळे अधू झाले होते. डॉक्टरने चूल सोडायला सांगितलं होतं. ती म्हणायची, "सोडतो. हा सीझन होऊ द्या."

एका सकाळी तिने संध्याकाळच्या नामकरणाची कणीक मळून ठेवली, घमेल्यावर ओलं फडकं टाकलं आणि भिंतीला टेकून बसली. छातीत जळजळतं, पित्त झालं असेल, म्हणाली. ऑटो दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

घर माणसांनी भरलं. नामकरण होतं त्या मुलीचा बाप दाराशी येऊन उभा राहिला. मौसाजींनीच त्याला हाक मारली. "पंगत किती वाजता हाय?"

"राहू द्या बाबाजी. आम्ही भात टाकतो."

मौसाजींनी वनिताकडे बघितलं. "कणीक तयार हाय. नेऊन रोट्या टाक."

वनिता रडत म्हणाली, "माह्यानं नाही होणार आज."

"मयतीच्या घरची कणीक चालन का तुमाले?" मौसाजींनी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "आमाले कायले नाही चालणार? मावशीच्या हातचीच पाह्यजे होती." मग वनिता उठली. आम्ही दोघींनी मिळून ते घमेलं तिच्या शेडपर्यंत नेलं.

मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. दिवे लागायच्या वेळी नामकरणाच्या घरून डबा आला. त्यात आलूची भाजी होती आणि वर घडी घातलेल्या रोट्या. मी मौसाजींना ताट वाढलं. त्यांनी रोटीचा एक घास तोडला, चावला आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय."