हरलेल्यांच्या गल्लीतली हलगी

दुपारचं जेवण अंगावर आलंय, आणि दौलू अतिग्रे पुढ्यातल्या कागदावर मान टाकून पेंगतोय. पाच वाजता मैदान समितीची बैठक आहे. मैदानात प्रेक्षकांना पुन्हा सोडायचं, की यंदा फुटबॉल रिकाम्या पायऱ्यांपुढंच खेळवायचा, याचा आज निकाल. दगडी तालीम या फुटबॉल संघाचा सगळ्यात जुना प्रेक्षक म्हणून अर्ज त्यानं लिहायचाय. सकाळपासून एकच ओळ झालीय: 'आमचं कोल्हापूर फुटबॉलवेडं आहे.' पुढं घोडं हलत नाही. चिडचिड करता करताच त्याचा डोळा लागतो.

लागतो तो थेट मैदानाच्या पायरीवर. शेजारी गौस बागवान शेंगा फोडत बसलाय. गौस चांदणी तालमीचा, म्हणजे समोरच्या पार्टीचा. तरी तीस वर्षं दोघांची पायरी एकच. गेल्या वर्षी तो वारला. दौलूला हे ठाऊक आहे, पण तोंडावर म्हणायचं कसं?

"काय लिवलंस, दौल्या?"

"पंचानं वाटोळं केलं, समितीनं वाटोळं केलं, असं लिहिणार हाय."

"आन् गाव फुटबॉलचं कशानं, ते?"

"कशानं म्हंजे? मैदान फुटस्तोवर माणूस येतंय! पेठेपेठेत झेंडे! आणि काय पायजे तुला?"

"माणूस जत्रंलाबी येतंय, लेका."

गौस उठतो. पायरी संपते तिथं चांदणी गल्ली लागते. सगळी दारं बंद. दौलूच्या गळ्यात हलगी आहे, आणि हात काही केल्या थांबत नाहीत. जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या गल्लीतून जाताना हलगी बंद ठेवायची, ही इथली रीत. गेल्या वर्षी दगडी तालमीनं फायनल जिंकल्यावर ती मोडली. मग दगड आले, डोकी फुटली, प्रेक्षकांसाठी मैदानाला कुलूप लागलं. गर्दीत वाजवली कुणी, हे आजवर बाहेर आलं नाही. येणार कसं? वाजवणाराच अर्ज लिहितोय!

"मी ह्याच दाराआड आजारी पडलोवतो," गौस म्हणतो. "तुझा हात वळीकला. चार दिसांनी गेलो."

"मग शिव्या घालायच्या हुत्यास की! गप्प का ऱ्हायलास?"

"वाटलं, तू येशील."

दौलूला स्वतःचाच असा संताप येतो. हलगी काढून फेकायला बघतो, तर पट्टा गळ्यातून निघत नाही. "आता काय करू, सांग की गौसू!"

"कशानं, ते लिव." गौस त्याच्या मुठीत भाजके शेंगदाणे कोंबतो. "निम्मे तुझे."

"मामा, उठताय न्हवं? साडेचार वाजले." दारातून सून हाक मारतेय.

दौलू ताडकन उठतो. पहिली ओळ खोडतो आणि न थांबता लिहितो: 'आमच्यात हरलेल्यांच्या गल्लीत हलगी वाजत नाही. गेल्या वर्षी वाजली, ती मी वाजवली. मला मैदानात सोडू नका. बाकीच्यांना सोडा.'

सही करताना कागद धरायला तो डावी मूठ उघडतो. तळहातावर शेंगदाण्यांची लाल फोलपटं आहेत.