सातवा व्हॉल्व

तीस वर्षं आमच्या गावाला नळाचं पाणी मी सोडलं. टाकीपासून वरच्या वाडीपर्यंत जमिनीत सात व्हॉल्व आहेत. ते नेमके कुठं, हे फक्त मला ठाऊक. कारण त्यांची झाकणं मीच मातीनं बुजवली होती. काम सोडताना पंचांनी विचारलं, तर म्हणालो, "नकाशात हाय की सगळं." नकाशा कुणी काढलाच नव्हता.

मग काय, माझी चंगळ! पाणी अडलं की मोटरसायकल दारात, लग्नात पहिली पंगत.

गेल्या उन्हाळ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जुन्नरला मुलीकडं होतो. नेमका तेव्हाच एक व्हॉल्व अडकला. चार दिवस वाडीतल्या बायांनी खालच्या विहिरीवरून हंडे वाहिले. परत येऊन मी दोन मिनिटांत पाणी चालू केलं, तर त्याच बायांनी मला हार घातला. आणि माझ्या जागी आलेल्या बाईला पंच काढायला निघाले. म्हणे, हिला काय येतंय?

तो हार मला झोपू देईना. पंचांसमोर तिला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "बाबा, शिव्या मागनं देते. आधी फावडं घ्या."

आदल्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग झाकणांवर खुणेला घेऊन आम्ही निघालो. मागं अर्धं गाव. एकेक झाकण उघडं पडेल तसा मी हलका होत गेलो. "ह्यो उलटा फिरतो! ह्याला आधी हातोडीची टिचकी!" मी ओरडत होतो, ती वहीत लिहीत होती. कमरेचं दुखणं कुठं पळालं कोण जाणे.

सहा सापडले. सातवा मलाच आठवेना! चार खड्डे झाले.

"लई हुशार व्हते ना बाबा?" घामाघूम झालेले एक पंच म्हणाले.

ती मात्र पाराशेजारच्या दगडापाशी थांबली. रोज संध्याकाळी मी त्याच दगडावर बसून गावाला अक्कल शिकवायचो. "हितंच गवत एवढं हिरवं कसं?"

दगड हलवला. खाली झाकण, झिरपणारं पाणी. मी इतका हसलो की कवळी हातात आली. पंचही मटकन खाली बसून हसायला लागले. तिला काढायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

"आता सगळं तुझ्या वहीत," मी म्हणालो.

"वहीत कशाला? म्या बी तुमच्यावानी मुरले म्हंजे?"

उरलेल्या लाल रंगानं तिनं ती यादी चावडीच्या भिंतीवरच लिहून काढली. येणारा-जाणारा वाचतो. शेवटची ओळ अशी आहे: सातवा, बाबांच्या बुडाखाली.