वाटूर फाट्यावरचा ‘च’

“मॅडम, विषय लहान केला,” म्हणत सविताने कागद पुढे केला. काल त्यावर ‘मराठी भाषा : काल, आज आणि उद्या’ होतं. आज नुसतंच ‘मराठी भाषा’.

मी कपाळावर हात मारला. “अगं, नाव नाही, विषय लहान करायचाय!”

“मंग फक्त ‘मराठी’ ठेवू का?”

मी कॉलेजात मराठी शिकवते. टॉपिक नॅरो करायचा, म्हणजे एका माणसाला एका संशोधन-पेपरात अभ्यासता येईल तेवढंच हाती घ्यायचं. हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी घसा बसतो. त्या दिवशी विषयाच्या मंजुरीची शेवटची तारीख होती. ती चुकली की सविताचं वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की कॉलेजच सुटलं, कारण घरी वडील स्थळं बघायला टपलेलेच होते.

“आणि आज दुपारपर्यंत होतीस कुठं?” मी भडकले.

“वाटूर फाट्यावर, जीपमधी बसल्ते. डायवर म्हणे, निघालीच! अन् गेला चहाला. आला, पुन्हा म्हणे निघालीच! शिटा भरल्याबिगर हलतच न्हाई. नुसतं ‘निघाली’ म्हणला की गाडी खरंच निघती, मॅडम. ‘निघालीच’ म्हणला की समजायचं, लई टाइम हाये.”

“काय म्हणालीस? पुन्हा बोल!”

“सॉरी, मॅडम.”

“सॉरी गेलं खड्ड्यात! हाच तुझा विषय.”

‘वाटूर फाट्यावरील जीपचालकांच्या बोलण्यातील ‘च’’ असं लिहून आम्ही दोघी विभागप्रमुखांकडे धावलो. सर बॅग भरून घरी निघायच्या बेतात होते.

“अहो मॅडम, एका अक्षरावर पेपर?”

“नॅरो करा, असं तुम्हीच म्हणता, सर.”

सरांनी कागद दोनदा वाचला. गालातल्या गालात हसले आणि तो टेबलावर ठेवून बॅग उचलली. “बरंय. मंजूर करतोच.”

मी वळले. सविता मात्र दारातच उभी. चेहरा रडवेला, पण हलायला तयार नाही.

“सर, ‘करतो’ का ‘करतोच’?”

 सरांनी बॅग खाली ठेवली, खिशातून पेन काढलं आणि उभ्या उभ्या सही केली. मला इतका आनंद झाला, की मी सरांसमोरच तिच्या पाठीत धपाटा घातला.

तेव्हापासून मुलांना एवढंच सांगते, की आपल्याला रोज ऐकू येतं त्यातला विषय घ्या. तो आपोआप लहान असतो.

परवा सविताला विचारलं, “काय गं, पेपर कुठवर आला?”

“झालाच, मॅडम!”

मी चहा मागवला.