केरूचे साठ बोये

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात केरूने एकतीस वर्षं लाद्या ओढल्या. तडकलेली लादी मुकादमाने बघायच्या आधी तो स्वतःच बाजूला काढायचा. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले, तेव्हा पुतणी राहीने आपलं काम त्याच्यापुढे टाकलं. ती गणितात संशोधन करत होती.

"पाण्यावर तरंगणारा एक बोया सोडला तर तो कुठे जाईल, कुणी सांगू शकत नाही काका," ती म्हणाली. "वारा जरा हलला की वाट बदलली. पण साठ सोडले तर त्यांची वाटणी कशी बदलत जाते, ते सांगता येतं. पाण्याचे सहा चौकोन धरू, प्रत्येकात दहा बोये. एका भरतीपासून दुसरीपर्यंत कुठले किती कुठे गेले, त्याचा तक्ता करू. आजची वाटणी तक्त्यात घातली की पुढच्या भरतीची निघते. ती परत घातली की त्यापुढची. अशा तक्त्याला ऑपरेटर म्हणतात."

"आमच्याकडे पण होता एक ऑपरेटर. चहाच प्यायचा."

"हा पीत नाही."

सोमवारी तिचे सर आकडे बघणार होते. चार भरत्यांनंतरचा अंदाज खऱ्या पाण्यात जुळला, तरच या तक्त्याचं प्रकरण तिच्या प्रबंधात राहणार होतं.

केरूने आठवडाभर खपून साठ बोये केले. वाऱ्याने पळू नयेत म्हणून प्रत्येकाखाली दगड बांधला, पोटाला नंबर घातला. काम अर्धवट वाटू नये म्हणून वर घरच्या खुणेचे लाल-पांढरे पट्टेही ओढले.

गुरुवारी सकाळी अस्लम तांडेलाच्या होडीतून बोये सोडले. पुढच्या भरतीला मोजायला गेले, तर पाण्यात सहाच. घरी आले तेव्हा ओटीवर चौपन्न बोये ओळीने मांडलेले.

मिरकरवाड्यात खुणेचा बोया सापडला की धन्याच्या दारात पोचवतात. विचारत नाहीत, चिठ्ठीही ठेवत नाहीत.

"तुझ्या तक्त्याप्रमाणे सगळा समुद्र आमच्या ओटीवर येतो," केरू म्हणाला. राही हसली, पण डोळ्यांत पाणी होतं.

शुक्रवारी दिवसभर केरूने साठही बोयांचे पट्टे पॉलिशपेपरने घासून काढले. मदतीला आलेल्या राहीला त्याने परत पाठवलं; तिच्या घासण्यात कडा राहत होत्या.

शनिवारी सकाळी बोये पुन्हा सोडले. संध्याकाळच्या भरतीला साठही सापडले; कुठला कुठल्या चौकोनात ते नोंदलं. राहीने तक्ता केला, चारदा लावला आणि आकडा सांगितला: सोमवारी सकाळी मांडवी किनाऱ्याजवळच्या चौकोनात पंचविसेक.

सोमवारी तांबडं फुटताच केरू आणि राही अस्लमच्या होडीतून मांडवीला पोचले. केरूने दोनदा मोजलं. बावीस.

"जवळ आहे काका. चालेल."

"तीन कमी. चालेल कसं?"

अस्लमने फळीखालून दोन बोये काढले. "तुम्हाला घ्यायला येताना हे इथंच मिळाले, केरूभाव."

"खूण नव्हती, मग उचललेस कशाला?"

"दगडाची गाठ बघितली. अशी गाठ बंदरात दुसरा कोण मारतो?"

राहीने चोवीस लिहिले. केरू मात्र अजून पाण्याकडेच बघत होता.

"होडी जरा डावीकडे घे, अस्लम," तो म्हणाला. "एक राहिलाय."