कबुतरामागची आत्या

माझ्या ताईच्या लग्नाला आत्या येणार नव्हती, आणि त्याला कारण एक कबूतर होतं.

कबूतर खरं असतं तर हुसकावून लावलं असतं. पण ते मीच कॉम्प्युटरवर बसवलेलं, चोचीत गुलाब धरलेलं कबूतर होतं, आणि ते बरोब्बर आत्याच्या तोंडावर बसलं होतं!

त्या वर्षी मी दारव्ह्याला कॉम्प्युटर क्लासला जात होतो. जीपला लटकून क्लासला जाणारा गावातला मी एकटाच, त्यामुळे सगळं गाव माझ्याकडे बघतंय असं मला वाटायचं. (गाव बघत होतं ते जीपमध्ये जागा आहे का, म्हणून.) क्लासमध्ये फोटोला नक्षीदार फ्रेम लावायला शिकवलं आणि मला आपण जन्माला कशासाठी आलो ते कळलं. वेली, मोरपिसं, दिव्यांच्या माळा! माउस दोनदा टिचकवला की साधा माणूस सजून उभा!

ताईच्या साखरपुड्याला घरचे सगळे जमले, तेव्हा मी क्लासच्या सरांचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. पण फोटोसाठी उभं राहायला घरात जागा कुठे होती? कापसाला भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणून बाबांनी सगळा कापूस घरातच ठेवला होता आणि समोरच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागला होता. आम्ही कापसाला टेकून जेवायचो, कापसाला टेकून झोपायचो आणि उरलेला वेळ अंग खाजवायचो. शेवटी मी सगळ्यांना ढिगासमोरच उभं केलं. सकाळचं ऊन दारातून सरळ आत येत होतं. मी दाराकडे पाठ केली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"बाबा, खाजवू नका!"

"मी कायले खाजवू? तुह्या काकाले सांग!"

आई बाबांपासून एक माणूस मावेल एवढी दूर उभी होती.

"आई, जवळ सरक ना!"

"राहू दे बाप्पा, लोकं काय म्हनतीन!"

लोकं म्हणजे ताई, काका, काकू आणि आत्या. बस, एवढीच!

मी निवडलेली फ्रेम बदामाच्या आकाराची होती. कडेला गुलाब आणि दोन्ही बाजूंना कबुतरं. बदामात आई, बाबा आणि ताई छान बसले. काका-काकू गुलाबांत बुडाले आणि आत्या कबुतराखाली गेली. मला मात्र फक्त फ्रेम दिसत होती! बाबांनी तो फोटो सगळ्या गावाला दाखवला, "पोट्ट्यानं केला" म्हणून, आणि एक प्रत मोठ्या कौतुकाने महागावला आत्याकडे पाठवली.

चार दिवसांत शेजारच्या फोनवर बाबांना आत्याचा फोन.

"किसन, मी मेली का रे?"

"नाई ना बाई! काहून?"

"मंग फोटोत मी कुठी हावो? माह्या तोंडावर पाखरू काहून बसवलं?"

"बाई, पोट्टं आताच शिकून राह्यलं..."

"शिकू दे ना! पन मले पुसून शिकते का थो? लग्नाले आता त्या कबुतरालेच बलाव!"

फोन आपटल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. बाबांची आई लवकर गेली, त्यांना वाढवलं ते या मोठ्या बहिणीनं. ते घरी येऊन कापसाला टेकले. मग म्हणाले, "बाई नाई आली तं मी मांडवात उभा राहनार नाई."

फ्रेम काढून टाकणं हा सोपा उपाय होता, म्हणून तो मला सुचला नाही. (फ्रेम काढली तर मी केलं काय?) मी मूळ फोटोतली आत्या कापून काढली आणि बदामाच्या वर सोनेरी गोलात बसवली. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर पुढाऱ्यांची तोंडं असतात, तशी! बाबा स्वतः महागावला जाऊन फोटो देऊन आले. येताना चेहरा फुललेला.

"बाई खुश! येतो म्हने!"

पण तो गोल काकांनी पाहिला. "म्या काय भाड्यानं आलतो का फोटोत?" काकांना गोल दिला. काकू काकांकडे बघून म्हणाली, "यायचा गोल मोठा अन् माहा लहान काहून?" ताई म्हणाली, "लग्न माहं हाये का यायचं?" आईनं नुसतं माझ्या भाजीतलं तेल कमी केलं. सगळ्यांना गोल दिले! मग बाबांनी शंका काढली.

"एक मानूस दोनदोनदा काहून दिसते बे?"

खरंच होतं. वर गोलात आई, खाली बदामात आई! आता माघार घेणं माझ्या कलेला शोभलं नसतं. मी बाजूचा कापूस उचलून एकेका माणसावर चिकटवत गेलो. ताई गेली, आई गेली, बाबा गेले. शेवटी चहूबाजूंनी गोलातली मंडळी आणि मधोमध, गुलाबांच्या बदामात, नुसता कापूस!

लग्नाच्या दिवशी तो फोटो मोठा करून मांडवाच्या दारात लावला. आत्या आली. नवं लुगडं नेसून फोटोशेजारीच उभी राहिली आणि आल्यागेल्याला आपला गोल दाखवू लागली. बाबा मांडवात उभे राहिले. मी कॉलर ताठ करून जवळच घुटमळत होतो.

नवरदेवाचे वडील आले. जयभीम झाला. ते फोटोसमोर थांबले आणि बराच वेळ बघत राहिले.

"वा! काय कापूस हाये हो!"

फ्रेमबद्दल चकार शब्द नाही! पण बाबांकडे पाहिलं आणि माझा राग विरघळला. बाजारात ज्या कापसाला कोणी हात लावत नव्हतं, त्याची तारीफ व्याही भरमांडवात करत होते.

"घरचाच हाये," बाबा म्हणाले. मी पुढे होऊन फ्रेमचा विषय काढणार होतो, पण मला त्यांचा इतका अभिमान वाटला की राहू दिलं.

"पन मधात हा काळा डाग कायचा?" व्याह्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. आई आणि बाबा यांच्यामध्ये जी रिकामी जागा होती, तिथल्या कापसावर एक डोकं आणि दोन्ही बाजूंना वर आलेली दोन कोपरं. कॅमेरा डोळ्याला लावून उन्हात उभा राहिलेला मी! सगळं घर पुसलं आणि स्वतःची सावली तेवढी ठेवली!

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाली.

"डाग नाई जी थो! माहा भाचा हाये. कम्प्युटर शिकलेला!"

तो फोटो आजही महागावला आत्याच्या भिंतीवर आहे. घरातल्या शिकलेल्या माणसाची ओळख ती पाहुण्यांना डागावर बोट ठेवून करून देते.