माधवनगरच्या भाकऱ्या आणि माझी गंजलेली कानडी

मुलगी परदेशात गेली की घरात एक घड्याळ वाढतं. आमची सना जर्मनीला गेल्यापासून लोणंदच्या आमच्या घरात मी तिकडच्याच वेळेवर जगत होते. आता उठली असेल, आता बस पकडत असेल, आता जेवली का नाही कुणास ठाऊक. फोन यायचा रविवारी. बाकीचे वार नुसते मधे उभे असायचे.

आमचं पंप दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे. एके सकाळी चहा द्यायला गेले तर इक्बाल म्हणाले, “चार दिन माधवनगर जाके आ. तेरी शकल देखके गिराइक बी चाय नै मांगते अब.”

गिऱ्हाईक हसलं. मला हसू आलं नाही, पण बॅग मात्र त्याच दिवशी काढली.

माधवनगर माझं माहेर. सांगलीच्या अगदी शेजारी. अब्बा तिथल्या कापड गिरणीत विणाई खात्यात होते. गिरणी बंद पडली, पुढं अब्बा आणि अम्मी दोघंही गेले, भावानं घर विकून पुण्यात फ्लॅट घेतला. म्हणजे माहेर होतं, पण उतरायला घर नव्हतं. मी शाळेतल्या मैत्रिणीला, सुरेखाला, भीतभीत फोन केला. तिचं सासरही माधवनगरातच. नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला.

“घर न्हाई म्हनून यायचं न्हाई व्हय?” ती फोनवरच ओरडली. “मी मेले का काय? गुमान ये. आन् येताना लोनंदचा कांदा आन.”

लोणंदहून सांगलीला जायचं असेल तर माझं ऐका, एसटीच्या नादी लागू नका. कोल्हापूरकडे जाणारी सकाळची गाडी पकडा. जनरलचं तिकीट एका साध्या थाळीपेक्षा स्वस्त पडतं आणि दुपारच्या जेवणाला तुम्ही सांगलीत असता. खिडकी डावीकडची की उजवीकडची यावर वाद घालू नका, आदर्कीच्या घाटात गाडी इतकी वळते की दोन्हीकडच्यांना सगळं दिसतं. साताऱ्यापुढं ऊस सुरू होतो. कराड गेलं की हवा जड होते, कृष्णेच्या काठची. माझ्या समोर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी न विचारता माझ्या हातावर शेंगा ठेवल्या आणि म्हणाल्या, “म्हायेरला चाललीस न्हवं? तोंडावरनं कळतंय.”

मी हो म्हटलं. त्यापुढं काय सांगणार?

सांगली स्टेशनवर सुरेखा स्कूटी घेऊन उभी. मार्केट यार्डाच्या रस्त्यानं आलो. हळदीचा वास नाकात गेला आणि मला अचानक शिंका यायला लागल्या, लहानपणी यायच्या तशाच. सुरेखा हसत सुटली. वाटेत भडंग घेतलं. सांगलीला येऊन भडंग न घेता परत जाणाऱ्या माणसाला काय म्हणावं मला माहीत नाही. मोठ्या दुकानातलं पाकिटातलं घेऊ नका, गाडीवरचं ताजं घ्या, लसूण जास्त सांगून.

संध्याकाळी एकटीच आमच्या गल्लीत गेले. घर जागेवर होतं. फाटक बदललेलं, भिंत गुलाबी, दारात लहान मुलांच्या चपला. आतून कुकरची शिट्टी आली. हाक मारली असती तर त्यांनी आत बोलावलंही असतं, इथली माणसं तशीच आहेत. पण मला आतली अम्मी हवी होती, आणि ती काही ते आणून देऊ शकले नसते. थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले.

सुरेखानं मला रडायला फार वेळ दिला नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिनं माझ्या हातात एक मोठा डबा दिला. “चल. भाकरी गोळा करायच्यात.”

प्रकार असा की तिच्या गल्लीतल्या बायका रोज आपल्या घरच्या स्वयंपाकात दोन भाकऱ्या जास्त थापतात. कुणी खर्डा देतं, कुणी वांग्याचं कोरड्यास. ते सगळं गोळा करून सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पेशंटला नव्हे, पेशंटजवळच्या माणसांना. गावाकडून आलेली ही माणसं जिन्याखाली, झाडाखाली बसून असतात. पेशंटला जेवण मिळतं, ह्यांना कोण विचारणार? सुरेखाचे सासरे तिथं ॲडमिट असताना तिनं हे पाहिलं होतं आणि नंतर तिनं हे सुरू केलं. तुमच्या गावात असं काही करायचं मनात असेल तर आधी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना जाऊन भेटा. परवानगी मिळते. न विचारता घुसलात तर वॉचमन बाहेर काढेल, आणि ते बरोबरच आहे.

मी भाकऱ्या वाटत होते. मनात मात्र गुलाबी भिंत. तेवढ्यात बायकांच्या वॉर्डाच्या दारात आरडाओरडा ऐकू आला. धोतर नेसलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा माणूस बायकोला खाटेवरून उठवायला बघत होता. सिस्टर त्याला अडवत होती. तरुण डॉक्टरीणबाई पुन्हापुन्हा समजावत होत्या, “बाबा, ऐका तरी!” आणि तो जे बोलत होता ते कुणालाच कळत नव्हतं.

मला कळत होतं.

अम्मीचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातल्या अथणीकडचं. शेजारच्या मल्लव्वाशी ती कानडीत बोलायची, आम्हा पोरांना काही कळू नये म्हणून. आणि तेवढ्यासाठीच आम्ही भावंडं कानडी शिकलो. अम्मी गेल्यावर माझ्याशी कानडीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. तो म्हातारा म्हणत होता, “हिचा पाय कापणार आहेत. पाय नसलेली बाई घेऊन मी गावात कसा जाऊ?”

मी पुढं गेले. तोंडातून काय निघालं? “ऊटा आतेन्री?” म्हणजे जेवलात का? त्या वेळी विचारायचा हा प्रश्न होता का? पण मला तेवढंच आठवलं. अम्मी दारात आलेल्या प्रत्येकाला आधी तेच विचारायची.

तो थांबला. माझ्याकडं बघून म्हणाला, “इल्ल, तंगी.” नाही, बाई. मराठीत तंगी म्हणजे चणचण, कानडीत धाकटी बहीण. मला किती वर्षांनी कुणीतरी तंगी म्हटलं होतं.

सुरेखा मागून म्हणाली, “आगं, तुला येतंय की! इथली कानडी येनारी सिस्टर रजेवर हाय. बोल तूच.”

त्याचं नाव बसप्पा, बायको गंगव्वा. साखरेच्या आजारानं तिच्या पायाला जखम होऊन चिघळली होती. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “बोटं काढावी लागतील. आत्ता तरी बोटंच दिसताहेत, उघडल्यावर कळेल. पण उशीर केला तर पाय जाईल, कदाचित जीवही.”

मी बसप्पाला सांगायला लागले. शब्द सापडेनात. हातानं दाखवत, मधे मराठी घालत, कसंबसं सांगितलं. तो मान हलवत राहिला. तेव्हा खाटेवरून गंगव्वा बोलली. आवाज बारीक, पण खणखणीत. “पाय माझा आहे. मला कोण विचारतंय?”

खरंच, तिला कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. तिनं विचारलं, “काय काय कापणार?” मी म्हणाले, “कालिन बेरळ, अष्ट.” पायाची बोटं, एवढंच.

तिनं वर पंख्याकडं बघितलं. मग म्हणाली, “काढा म्हणावं. म्हशी वाट बघत असतील.”

त्या दुपारी परत येताना मी सुरेखाच्या मागं बसून सारखी बडबडत होते. रात्री जेवतानाही. हवालदारसाहेब म्हणाले, “वयनी आल्या तवा गप गप हुत्या. आज रेडिओ लागलाय.” खरं सांगते, मला किती महिन्यांनी भूक लागली होती.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. आम्ही भाकऱ्या घेऊन पोचलो तर डॉक्टरीणबाई स्वतः माझी वाट बघत होत्या. आत संसर्ग वरपर्यंत गेला होता. बोटांसकट निम्मं पाऊल काढावं लागलं होतं. “त्यांना सांगाल का?” त्यांनी विचारलं. “मी शेजारी उभी राहते.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाई म्हणाल्या होत्या, ‘आत्ता तरी.’ मी गंगव्वाला म्हटलं होतं, ‘एवढंच.’ ‘आत्ता तरी’ला कानडीत काय म्हणतात ते मला त्या क्षणी सुचलं नव्हतं, आणि मी ते गाळून पुढं गेले होते. बाकी कुणाला हे माहीत नव्हतं.

मी सांगितलं. सगळं. किती काढलं ते, आणि माझ्याकडून कुठला शब्द राहिला तेही. बसप्पा भिंतीला टेकून खाली बसला. गंगव्वानं तोंड फिरवलं.

सुरेखाला मी म्हटलं, मी आता तिथं येणार नाही, माझ्या हातून फक्त भाकऱ्या गोळा करून घे. तिनं पातेलं घासता घासता मान वर केली. “तिला दुसरं कोन हाय बोलायला? तुझा राग आला आसंल तर तो तरी कुनावर काढंल ती?”

दुसऱ्या दिवशी गेले. त्या दिवशीही गंगव्वा बोलली नाही. मी खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिले. बसप्पा बाहेर भाकरी खात होता. तो आत आला आणि त्यानं मला विचारलं, मुलंबाळं? मी सनाचं सांगितलं. विमानानं जावं लागतं म्हटलं. तो म्हणाला, “आमची मुलगी एका एसटीच्या अंतरावर आहे. तीही लांबच.” माझ्या मनातलं सनाचं ओझं त्या वॉर्डात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. तिच्यासारख्या लांब गेलेल्या कितीजणींच्या आया तिथं खाटांवर होत्या.

परतीची तारीख मी पुढं ढकलली. इक्बालना फोन केला तर म्हणाले, “रह ले. गिराइक चाय मांगने लगे, मैच बनाके देतूं.”

त्यानंतरच्या सकाळी गंगव्वानं डोळे उघडले आणि मला बघून कानडीत म्हणाली, “तू सगळं सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं.” 

ते बरं झालं असं ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, “किती दिवस झाले, केसांना फणी नाही. विंचरतेस का?”

मी विंचरले. पांढरे, विरळ, गुंता झालेले केस. ती मधेमधे ‘हळू’ म्हणत होती, अम्मी ज्या सुरात म्हणायची त्याच सुरात, आणि मी तिच्या मागं बसलेली असल्यामुळं माझं तोंड तिला दिसत नव्हतं, ते बरंच होतं.

निघायच्या दिवशी सुरेखानं कृष्णेच्या घाटावर नेलं. वेळ असेल तर तुम्हीही संध्याकाळी तिथं जा, पाण्याच्या जवळची पायरी पकडा आणि फोन पिशवीत ठेवा. आयर्विन पुलावरून गाड्या जात होत्या. सुरेखा म्हणाली, “लोनंदात दवाखाना हाय न्हवं?” एवढंच. तिला उपदेश करायला कधी जमलंच नाही.

लोणंदात दवाखाना आहे. मी लग्न होऊन आल्यापासून आहे. पण लोणंद मला कायम ह्यांचं गाव वाटायचं, आणि ह्यांच्या गावात मी काय करणार? आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं जाते. आमच्याकडच्या कारखान्यांत ओडिशा, बिहारकडची खूप माणसं आहेत. त्यांच्या बायका बाळंतपणाला, पोरांना दाखवायला येतात आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते न कळून एका कोपऱ्यात उभ्या राहतात. आमची घरात बोलायची दखनी त्यांच्या हिंदीला बरीच जुळते. ओडिया मला अजिबात येत नाही, मग मी नुसती शेजारी बसते. डॉक्टरांचं बोलणं सांगताना मात्र आता अडले की थांबते, ‘परत सांगा’ म्हणते, लाजत नाही. आमच्या गल्लीतल्या दोघी आता माझ्याबरोबर येतात. 

सनाची आठवण कमी झाली का? नाही. माधवनगरची तर वाढलीच. पण आठवण येते तेव्हा मी आता स्वयंपाकघरात उभी नसते, बाहेर बाकावर कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन बसलेली असते. फरक तेवढाच आहे, आणि मला तो पुरतो.

परवा दुपारी बसप्पाचा फोन आला. गंगव्वा काठी घेऊन गोठ्यापर्यंत जाते. मग तिनंच फोन ओढून घेतला आणि म्हशीनं किती त्रास दिला, सून कशी आळशी आहे, ज्वारी कशी आहे, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, “यावाग बर्ती?” कधी येतेस? मी येते म्हटलं.

फोन ठेवला. इक्बाल पंपाची मोटर उघडून बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, कुणाचा होता. मी सांगायला लागले, म्हशीचं, सुनेचं, काठीचं. ते माझ्याकडं बघतच राहिले.

“क्या बोलरी तू?”

मी कानडीतच बोलत होते. मग मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून, त्यांना कळेल असं, सगळं पुन्हा सांगितलं.